विकलेले अन्न आणि ऋतूचे ऋण

अन्न हेच ब्रह्म होय, हा बोध तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत वरुणपुत्र भृगूला तपाच्या पहिल्याच पायरीवर होतो. पुढे तो प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत आनंदापर्यंत पोहोचतो, आणि नेमके त्यानंतर हे उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळून अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न वाढवावे, दारी आलेल्या कोणालाही विन्मुख पाठवू नये, अशी व्रते सांगते. ब्रह्मविद्येचा शेवट जेथे होतो तेथे पुन्हा अन्न उभे राहावे, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु या व्रतांतील अन्न घरच्या चुलीवर रांधलेले आणि दुसऱ्याला दिले जाणारे अन्न आहे. तेच अन्न रस्त्याच्या कडेला, पैसे घेऊन, कोणत्याही अनोळखी माणसाच्या हाती ठेवले गेले म्हणजे त्याचे हे स्वरूप टिकते की नाहीसे होते, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात जुना आहे, आणि त्याचे उत्तर शोधायचे तर ग्रंथांइतकेच बाजाराकडेही पाहावे लागते.

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे असे पाहण्यास योग्य ठिकाण आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख कापसाचा आणि अलीकडे सोयाबीनचा. भोवती बंजारा समाजाचे तांडे, आंध, कोलाम आणि गोंड वस्त्या, गावांत हिंदू, मुसलमान आणि बौद्ध घरे, आणि नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यात माहूरचा डोंगर, जेथे महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली रेणुका आणि दत्तशिखर ही दोन्ही स्थाने आहेत. या पट्ट्यातील आठवडी बाजारात किंवा फाट्यावरच्या हातगाडीवर काय मांडलेले आहे, एवढे पाहिले तरी पंचांग न उघडता महिना सांगता येतो. आषाढात कांद्याची भजी, श्रावण-भाद्रपदात निखाऱ्यावर भाजलेले भुट्टे, आश्विनात डोंगरपट्ट्यातून टोपल्यांनी उतरणारी सीताफळे, कार्तिकानंतर उकडलेल्या शेंगा आणि तलावांच्या पूर्व विदर्भातून येणारे शिंगाडे, मार्गशीर्ष-पौषात बोरे, हरभऱ्याचे घाटे आणि हुरडा, संक्रांतीला तिळगूळ आणि रेवड्या, चैत्र-वैशाखात पन्हे, उसाचा रस, बर्फाचा गोळा, रानातून आलेली टेंभरे, आणि मृगाच्या आगेमागे जांभळे: असा हा क्रम आहे. चिवडा, आलूबोंडा, तर्री-पोहे हे पदार्थ बारमाही आहेत आणि त्यांची चव कोणी नाकारणार नाही. पण धर्मविचाराच्या दृष्टीने ऋतूला बांधलेले हे दुसरे अन्नच अधिक बोलके ठरते.

धर्मशास्त्राची प्रथमदर्शनी भूमिका विकाऊ अन्नाला प्रतिकूल आहे. आपस्तंब धर्मसूत्र बाजारातून आणलेले तयार अन्न खाऊ नये असे सांगते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आपद्धर्माचे, म्हणजे संकटकाळी चालवून घ्यायच्या आचाराचे विवेचन आहे. तेथे ब्राह्मणाला वैश्यवृत्तीने जगण्याची मुभा देतानाही शिजवलेले अन्न, तीळ आणि रस विकण्यास मनाई आहे. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी कलियुगाची लक्षणे सांगतात, त्यांतील एक लक्षण परंपरागत टीकांनी अन्नविक्रय असेच लावले आहे. उलट त्याच मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, कारागिराचा हात नेहमी शुद्ध असतो आणि विक्रीसाठी बाजारात मांडलेली वस्तूही शुद्ध असते, असे स्पष्ट म्हटले आहे. ही सूट शिजवलेल्या अन्नाला कितपत लागू पडते याविषयी वाद होऊ शकतो, पण एवढे निश्चित की ज्याला समाजात राहायचे आहे त्या शास्त्राला बाजार टाळता आला नाही.

विक्रीला विरोध का, याचे कारण केवळ स्पर्शास्पर्शात शोधणे अपुरे आहे. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्नापासून प्राणी, पर्जन्यापासून अन्न, यज्ञापासून पर्जन्य आणि कर्मापासून यज्ञ असे एक चक्र सांगितले आहे, आणि देवांनी दिलेले त्यांना परत न देता भोगणाऱ्याला तेथे चोर म्हटले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दानसूक्ताचा आशयही हाच, की एकटा खाणारा एकटाच पापाचा धनी होतो. या विचारात अन्न ही ऋणाने बांधलेली वस्तू आहे. जो देतो तो पूर्वी कोणाकडून तरी मिळालेले पुढे देतो, जो घेतो तो पुढच्याला देण्यास बांधला जातो, आणि अशा रीतीने चक्र फिरत राहते. विक्रीत मात्र व्यवहार जागच्या जागी संपतो. पैसे चुकते झाले की घेणारा आणि देणारा एकमेकांना मोकळे होतात. शास्त्रकारांना खटकलेली गोष्ट ही असावी. दानात उरणारे ऋण विक्रीत उरत नाही, आणि ऋण नाही तेथे यज्ञही नाही.

हा आक्षेप गंभीर आहे. त्याला उत्तर द्यायचे तर विक्रीत खरोखर सगळे ऋण फिटते का, हे तपासावे लागते. हुरड्याचे उदाहरण घ्यावे. ज्वारीचे कणीस दुधात भरून दाणा टणक होण्याआधीचे जे थोडे दिवस असतात तेवढ्यातच हुरडा होतो. जमिनीत लहान खड्डा करून त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवतात, हिला आगटी म्हणतात; धूर ओसरून निखारा राखेखाली गेला की त्यात कणसे खुपसतात, भाजलेले कणीस गरम असतानाच तळहातावर चोळतात, फुंकर घालून कोंडा उडवतात, आणि हिरवे, ओलसर, किंचित धुरकट वासाचे दाणे तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पुढे करतात. दोन आठवडे आधी दाणा पाण्यासारखा असतो, दोन आठवडे नंतर तो भाकरीचा झालेला असतो. गिऱ्हाईक जे पैसे देते ते चोळणाऱ्या हाताचे, गोवऱ्यांचे आणि कणसाचे. मात्र ज्या पावसाने रान भिजवले आणि ज्या थंडीने दाणा हळूहळू भरला, त्यांचे मोल या व्यवहारात कोणी घेतलेले नसते आणि कोणी दिलेलेही नसते. ऋतूच्या अन्नाच्या विक्रीत विकणारा आणि घेणारा यांच्याखेरीज तिसरा एक पक्ष नेहमी हजर असतो, आणि त्याचे देणे बाजारात फिटत नाही. शास्त्रकारांना विक्रीत जे ऋण संपलेले दिसले ते निदान या अन्नाच्या बाबतीत संपलेले नसते.

हे ऋण ओळखण्याच्या रीती आपल्याकडे वैदिक काळापासून आहेत. नवे धान्य आधी देवतांना अर्पण केल्याशिवाय खाऊ नये यासाठी श्रौत परंपरेत आग्रयण नावाची इष्टी, म्हणजे लहान यज्ञ, सांगितला आहे. विदर्भात अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घट आणि आंबा अर्पण करतात, आणि पितरांना देण्यापूर्वी त्या वर्षीचा आंबा न चाखण्याचा नेम अनेक घरांत पाळला जात असे. काही घरांत तो अजूनही पाळला जातो. चातुर्मासात, म्हणजे आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत, कांदा, लसूण, वांगे सोडणारी घरे आषाढ शुद्ध नवमीला कांद्याचे पदार्थ करून घेतात, तिला कांदेनवमी म्हणतात, आणि मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा दाखवून वांग्याला पुन्हा ताटात जागा देतात. पहिल्या पावसात भज्यांच्या कढईभोवती जमणाऱ्या गर्दीतल्या सर्वांनाच कांदेनवमी ठाऊक असते असे नाही, पण ती कढई आणि ते व्रत एकाच ऋतूला बांधलेले आहेत.

येथे एका प्रचलित समजुतीची दखल घेणे भाग आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्या, म्हणजे ऋतूनुसार आहारविहार, सांगितली आहे. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, वर्षा ऋतूत तो मंदावतो, असे तेथे विवेचन आहे. त्यावरून आपली सगळी व्रते मुळात आरोग्याचे नियम होते, धर्म हे त्यांचे वरचे आवरण, असे आजकाल फार आत्मविश्वासाने सांगितले जाते. आयुर्वेदाचा आदर राखूनही हे म्हणणे स्वीकारता येत नाही. पितरांआधी आंबा न खाणाऱ्याला आंबा अपायकारक वाटत नसतो. तो आंबा आपल्या एकट्याचा नाही, एवढेच त्याला मान्य असते. आरोग्याचा नियम स्वतःच्या शरीराकडे पाहतो, व्रत दुसऱ्याच्या हक्काकडे पाहते. दोन्ही एका ताटात भेटतात म्हणून एक होत नाहीत. व्रताला विज्ञानाचे प्रमाणपत्र मिळवून देण्याच्या भरात त्यातील ऋणाची जाणीवच हरवते, आणि हे नुकसान मोठे आहे.

भारताबाहेरचे एक उदाहरण येथे उपयोगी पडते, आणि ते कोरियाचे आहे. कोरियन परंपरेत सूर्याच्या गतीनुसार वर्षाचे चोवीस भाग पाडतात आणि त्यालाच जोडून चांद्र तिथींचे सण येतात, त्यामुळे आपल्यासारखेच तेथेही चंद्र आणि सूर्य या दोघांचा मेळ घालावा लागतो. 22 डिसेंबरच्या सुमारास, वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीच्या सणाला तेथे दोंगजी म्हणतात. त्या दिवशी लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या पात नावाच्या कडधान्याची पेज, पातजुक, रांधतात. जुन्या रीतीप्रमाणे ती आधी पूर्वजांना दाखवत, घरात ठिकठिकाणी ठेवत, अनिष्ट शक्ती दूर राहाव्यात म्हणून दारावर शिंपडत, आणि मग खात. होंग सोक-मो या लेखकाने 1849 मध्ये सिद्ध केलेला दोंगगुक सेसिगी हा ग्रंथ वर्षभराच्या अशाच सणवारांची आणि त्यांच्या खाद्यपदार्थांची नोंद आहे. आता त्याच पातचे गोड सारण कोरियातील शहरांच्या रस्त्यांवर हिवाळ्यात वेगळ्या रूपात दिसते: माशाच्या आकाराच्या लोखंडी साच्यात पिठाचे सरबरीत मिश्रण ओतून, मध्ये ते सारण घालून, साचा उलटसुलट करून भाजलेला बुंगओप्पांग. हा पदार्थ जपानी राजवटीच्या काळात, 1930 च्या दशकात, जपानी तैयाकीवरून तेथे आला. गूळसर सारणाचे हॉत्तोक चिनी व्यापाऱ्यांनी नेले. थंडी पडली की या गाड्या लागतात, शेजारी भाजलेली रताळी आणि चेस्टनट ही कवचाची फळे असतात, आणि उन्हाळ्यात तेच पात किसलेल्या बर्फावर घालून पातबिंगसू होतो.

दारावर शिंपडली जाणारी पेज आणि रस्त्यावर विकला जाणारा मासा यांत धान्य एकच आहे. पहिल्यात विधी आहे, दुसऱ्यात नाही; पहिल्यात पूर्वज आधी जेवतात, दुसऱ्यात पैसे देणारा. तरीही थंडी येईपर्यंत वाट पाहणे दोन्हींत शिल्लक आहे. विधी नाहीसा झाल्यावर धर्माचे काय उरते, या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते: जेव्हा मागाल तेव्हा मिळणार नाही, ही मर्यादा उरते. मर्यादा मान्य करणे हे कोणत्याही व्रताचे मूळ आहे. कोरियातील बौद्ध मठांत ही जाणीव अधिक स्पष्ट शब्दांत जपली आहे. तेथे कांदा-लसणासह पाच उग्र वनस्पती वर्ज्य असतात, आणि सामूहिक भोजनापूर्वी भिक्षू पाच गोष्टींचे चिंतन करतात, ज्यांतील पहिली म्हणजे हे अन्न कोठून आले आणि त्यामागे कोणाचे श्रम आहेत. महाराष्ट्रात जेवणापूर्वी म्हटला जाणारा श्लोकही भोजनाला यज्ञकर्म म्हणतो. दोन्ही ठिकाणी घास तोंडाशी नेण्याआधी क्षणभर थांबायला सांगितले आहे.

ऋतूशी धर्माचे नाते सर्वत्र एकाच प्रकारचे नाही, हे समजून घेण्यासाठी मात्र कोरियापर्यंत जाण्याचे कारण नाही, ते फुलसावंगीच्याच बाजारात दिसते. हिंदू पंचांगात चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान पडते, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरून महिने पुन्हा ऋतूंवर आणले जातात. 2023 मध्ये असा अधिक श्रावण आला होता. इस्लामी हिजरी वर्षात असा मेळ घातला जात नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो: 2000 साली तो नोव्हेंबरअखेरच्या थंडीत सुरू झाला, 2016 साली जूनच्या उकाड्यात. एका परंपरेने उपवास ऋतूला बांधला, दुसरीने तो ऋतूपासून सोडवला, आणि दोन्हींमागे विचार आहे. ऋतूला बांधलेले व्रत माणसाला सृष्टीच्या चक्रात बसवते. ऋतूंतून फिरणारा रोजा माणसाला आयुष्यात प्रत्येक ऋतूची भूक आणि तहान एकदा तरी दाखवतो, लहान दिवसाची सोय आणि मोठ्या दिवसाचा कस यांची वाटणी सर्वांत सारखी करतो. सूर्यास्ताला रोजा सोडताना खजुराबरोबर जे फळ समोर येते ते मात्र ऋतूचेच असते, उन्हाळ्यात कलिंगड, थंडीत पेरू आणि बोरे, आणि ती बोरे तांड्यावरून किंवा रानाकडच्या वस्तीवरून टोपलीत भरून आणणारीचा धर्म वेगळा असतो. संकष्टीच्या उपवासाचे रताळे आणि इफ्तारचे कलिंगड एकाच ओळीत मांडलेले असावे, ही या बाजाराची नित्याची गोष्ट आहे.

यापुढचा प्रश्न अधिक कठीण आहे: अन्न ऋतूचे असले, तरी ते कोणाच्या हातचे आहे, याला धर्माच्या दृष्टीने काय महत्त्व? छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात आहार शुद्ध असेल तर सत्त्व, म्हणजे अंतःकरण, शुद्ध होते असे वचन आहे. शंकराचार्यांनी तेथे आहाराचा अर्थ इंद्रियांनी आत घेतलेले विषय असा केला, तर रामानुजाचार्यांच्या परंपरेने तो प्रत्यक्ष अन्नाला लावून अन्नाचे तीन दोष सांगितले: अन्नाच्या जातीचा म्हणजे प्रकाराचा दोष, जसा कांदालसणाचा, आश्रयाचा दोष, म्हणजे ते ज्याच्याकडून येते त्याचा, आणि निमित्तदोष, म्हणजे केस, धूळ, किडा अशा कारणाने आलेला. हातगाडीच्या संदर्भात तिसरा दोष खरा आहे आणि तो हलका मानण्याचे कारण नाही. उघडी चटणी, पुन्हा पुन्हा तापवलेले तेल आणि न बदललेले पाणी यांमुळे माणसे आजारी पडतात. पण या देशात शतकानुशतके भर पडली ती दुसऱ्या दोषावर, आणि आश्रय म्हणजे देणाऱ्याचे चारित्र्य हा अर्थ मागे पडून आश्रय म्हणजे त्याची जात एवढाच अर्थ उरला. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्या समाजाने ते अन्न हाताळणारे हात अपवित्र ठरवावेत, यापेक्षा मोठी विसंगती धर्मविचारात दुसरी नाही.

ही विसंगती खुद्द उपनिषदालाच मान्य नव्हती, असे मानण्यास आधार आहे. छांदोग्याच्या पहिल्या अध्यायात उषस्ती चाक्रायण याची कथा येते. कुरुदेशातील पीक नष्ट झाल्यावर उपासमारीने गांजलेला हा विद्वान आपल्या पत्नीसह एका गावात राहतो आणि कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे उकडलेले कडधान्य, खात बसलेल्या माणसाकडे त्यातलेच मागतो. समोर आहे एवढेच, आणि तेही उष्टे, असे तो सांगतो, तरी उषस्ती ते घेतो. वर पाणी देऊ केल्यावर मात्र उष्टे पाणी नको म्हणतो. कडधान्यही उष्टेच होते याची आठवण दिल्यावर त्याचे उत्तर असे, की ते खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी तर हवे तेथे मिळते. उरलेले तो पत्नीकडे नेतो, दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शिळे कडधान्य खाऊन राजाच्या यज्ञात जातो आणि मंत्र म्हणणाऱ्या ऋत्विजांना विचारतो, की तुम्ही ज्यांची स्तुती गाता त्या देवता कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे का. त्यांना उत्तर येत नाही, तेव्हा तोच सांगतो, आणि प्रतिहार नावाच्या सामभागाची देवता अन्न आहे, सगळे प्राणी अन्न घेऊनच जगतात, असे त्याचे अखेरचे उत्तर असते. ब्रह्मसूत्रांनी पुढे या कथेवरून प्राणसंकटात सर्व अन्नाला अनुमती आहे असा नियम काढला आणि तिला अपवादाच्या चौकटीत बसवले. कथेचा रोख मात्र अपवादापुरता वाटत नाही. अन्न ही देवता आहे हे यज्ञमंडपातील कोणालाही माहीत नव्हते. ते माहीत होते परक्याच्या पुढ्यातले उकडलेले दाणे खाऊन आलेल्या माणसाला, हे त्या कथेने मुद्दाम सांगितले आहे.

विदर्भाच्या संतपरंपरेने हा अपवाद नियम करून दाखवला. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे राहिलेले गोविंदप्रभू, चक्रधरस्वामींचे गुरू, हे म्हाइंभटांच्या चरित्रग्रंथात गावभर आणि बाजारातून मनमानेल तसे हिंडताना, कोणाच्याही घरी शिरताना, सर्व जातींच्या हातचे खाताना दिसतात. महानुभाव पंथ त्यांना ईश्वरावतार मानतो. माहूरच्या दत्तात्रेयांविषयी श्रद्धा अशी की ते निद्रेला माहुरी आणि भिक्षेला कोल्हापुरी असतात. देवाने रोज परक्या दारी अन्न मागावे, ही कल्पनाच आश्रयदोषाच्या मुळावर घाव घालणारी आहे. 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावात गजानन महाराज प्रथम दिसले ते टाकलेल्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, आणि दासगणूंच्या गजानन विजय ग्रंथात या प्रसंगाचा संबंध अन्न ब्रह्म आहे या उपनिषदाच्या बोधाशीच जोडला आहे. वारकऱ्यांच्या काल्यात ज्वारीच्या लाह्या आणि दही एकत्र कालवून एकमेकांना भरवतात, तेव्हाही हेच घडते. शेगावच्या रेल्वे स्थानकावर फाळणीनंतर पंजाबकडून आलेल्या एका विस्थापित कुटुंबाने सुरू केलेली कचोरी आज त्या क्षेत्राची ओळख झाली आहे. दर्शनाला आलेला भाविक प्रसादाइतक्याच आवडीने ती घरी नेतो.

विकणाऱ्याचा धर्म कोणता, याचे उत्तर महाभारतात आहे, आणि तेही त्याच वनपर्वात, त्याच मार्कंडेयांच्या तोंडी. अन्नविक्रय हे कलियुगाचे लक्षण सांगणारे हे ऋषी पुढे धर्मव्याधाची कथा सांगतात. तपाचा अभिमान झालेला कौशिक नावाचा ब्राह्मण धर्म शिकण्यासाठी मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधाकडे जातो, आणि तो व्याध त्याला अहिंसा, सत्य आणि मातापित्यांची सेवा यांचे मर्म समजावतो. शांतिपर्वातील तुलाधार हा वाराणसीचा वाणी जाजली नावाच्या तपस्व्याला सांगतो की त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा आहे, आणि हाच त्याचा धर्म. विक्रीने अन्न भ्रष्ट होते असे महाभारताचे अंतिम मत असते, तर धर्माचे दोन इतके मोठे उपदेश त्याने दुकानदारांच्या तोंडी घातले नसते. अन्न भ्रष्ट होते ते खोट्या मापाने आणि खोट्या मालाने.

बाजाराने माणसांना जोडले, हे विधान मात्र जपून करावे लागते. पैसा जात विचारत नाही असे म्हणतात, पण महाराष्ट्रातील खेड्यांच्या चहाच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळे कप ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकात बराच काळ चालली, आणि ज्याच्या हातचे कोणी घेणार नाही अशा माणसाला खाण्याची गाडी लावणे अशक्यच होते. 1950 मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून आडकाठी करण्यास मनाई केली, आणि सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. गोविंदप्रभूंनी रिद्धपुरात आचरलेली गोष्ट साडेसहाशे वर्षांनी कायद्यात आली. आजही एखाद्या गाडीवर नाव पाहून पुढे जाणारा माणूस भेटतो, आणि तो जे टाळतो तो निमित्तदोष नसतो.

अन्नाच्या भ्रष्टतेचे आजचे खरे रूप निराळे आहे. आंबा लवकर विकता यावा म्हणून तो कॅल्शियम कार्बाइडच्या वायूने पिकवला जातो. अन्नसुरक्षा कायद्याखालील 2011 च्या विनियमांनी या पद्धतीवर बंदी घातलेली आहे, कारण या रसायनात आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे घातक अंश असू शकतात. आरोग्याची हानी तर आहेच, पण धर्माच्या दृष्टीने हे असत्य आहे: साल पिवळी, आतला गर कच्चा, आणि न आलेला ऋतू आला असे भासवणे. येथे विक्रेता गिऱ्हाइकाला फसवतोच, पण त्या तिसऱ्या पक्षाच्या नावावर खोटी सहीही करतो. शीतगृहातून बारमाही येणारी फळे किंवा वर्षभर वाफवून विकले जाणारे मक्याचे दाणे यांत असे असत्य नाही, आणि त्यांना अधर्म म्हणणे अन्यायाचे होईल. त्या अन्नात फक्त ऋतूचे ऋण दिसेनासे होते, आणि जे दिसत नाही ते फेडण्याची बुद्धीही होत नाही. यवतमाळ जिल्ह्यात ज्वारीचा पेरा कापूस-सोयाबीनपुढे मागे पडत गेला तसा हुरडाही दुर्मिळ होत चालला आहे. ज्वारी पेरली नाही तर आगटी पेटणार नाही, हे कोणत्याही व्रताने बदलत नाही.

म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येते की विकलेले अन्न ब्रह्मच राहते, जोवर माप खरे आहे, माल खरा आहे, हात कोणाचा हे विचारले जात नाही, आणि ते आपल्या वेळेला आलेले आहे. यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी माणसाच्या हातात आहेत, चौथी नाही, आणि ती हातात नाही हेच तिचे मोल आहे.

हे अन्न विकणाऱ्यांविषयी समाजाचे कर्तव्यही यातून निघते. शहरांतील पथविक्रेत्यांसाठी 2014 मध्ये स्वतंत्र कायदा झाला, ज्यात त्यांची नोंद, विक्रीची जागा आणि त्यांच्या प्रतिनिधींसह बसणारी समिती यांची तरतूद आहे. खेड्यांतला आठवडी बाजार ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत असतो, आणि जागेची पावती बोरे विकणाऱ्या म्हातारीलाही फाडावी लागते. त्या पावतीच्या बदल्यात डोक्यावर सावली, पिण्याचे आणि हात धुण्याचे स्वच्छ पाणी आणि बसायला चिखल नसलेली जागा एवढे तरी प्रत्येक ग्रामपंचायतीने द्यावे, आणि घेणाऱ्याने अक्षय तृतीयेआधी आंबा मागू नये.